जेवणानंतरचा फोन

दुपारची जेवणं आटोपून सर फोनपाशी बसले की आमच्या ऑफिसातली माणसं आवाज लहान करत. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. सर रुमालाने टेबल पुसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, नंबर लावायचे आणि पलीकडून "हॅलो" आलं की पहिला प्रश्न विचारायचे, "जेवलात का?"

ज्याला हा प्रश्न विचारला जाई, त्याला नोकरी मिळालेली नसे.

सर आमचे भरतीप्रमुख होते. परळला एका बंद गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली, तिच्यात विम्याचे दावे तपासणारी आमची कंपनी आहे. तिथे माणसं निवडायचं काम सरांकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात कधीपासून होतं, पण लिहायला बसलं की आधी तो प्रश्नच ऐकू यायचा आणि मी वही मिटून टाकायचे.

निवड झालेल्यांना फोन मी करायचा, अशी आमची वाटणी होती. "चांगली बातमी कुणीही दिली तरी चांगलीच वाटते, तिला माझी काय गरज?" असं सर म्हणत. नकार मात्र ते स्वतः कळवायचे, तोही तोंडाने आणि समोरच्याचं जेवण झाल्यावरच. पलीकडचा "नाही अजून" म्हणाला, तर "मग जेवून घ्या, मी नंतर करतो" म्हणून ठेवून द्यायचे आणि खरंच नंतर करायचे. जेवण झालेलं असलं की दोन वाक्यांत नकार आणि दोन वाक्यांत कारण. "पुढे कधी जागा निघाली तर आपला विचार करू" हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. "उगाच माणूस फोनकडे बघत बसतो," म्हणायचे.

एरवी ते हा प्रश्न टाळत. आम्ही रोज एकत्र डबा खायचो, पण मी जेवले की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. "चल, डबे काढू या," एवढंच. त्यांच्या शीवच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा काकूंनी ताट वाढता वाढता हसत तक्रार केली होती, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी मला एकदाही जेवलीस का म्हणून विचारलं नाही बघ." सर आतून ओरडले, "विचारलं असतं तर आज तू इथे नसतीस!"

ह्या नियमाचं कारण विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. लेखाविभागातल्या एकाला त्यांनी सांगितलं होतं की रिकाम्या पोटी नकार ऐकला की पित्त होतं. वरच्या साहेबांना सांगितलं, भरल्या पोटी माणूस वाद घालत नाही. मला सांगितलं ते असं.

सर लालबागच्या चाळीत वाढले. घर मूळ मालवणकडचं, वडील गिरणीत कापड विणायच्या खात्यात. संप फिसकटल्यावर कुणाला परत घेणार आणि कुणाला नाही, हे कळेना. आई रोज डबा भरून द्यायची आणि वडील गेटपाशी जाऊन उभे राहायचे. एके दिवशी आतला एक बाबू बाहेर आला आणि ऐन जेवायच्या वेळेला, परत घेणार नाही म्हणून सांगून गेला. वडील भरलेला डबा घेऊन परत आले. आईने तो नुसता हातात घेतला. तिला उघडावाही लागला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? रात्री आम्ही भावंडांनी तो खाल्ला. सुकटीची चटणी होती. झकास लागली."

"ती गिरणी हीच का? आपल्या ऑफिसची?"

"छे गं! ती पलीकडची. तिथे आता मॉल झालाय. सगळं तुझ्या पुस्तकातल्यासारखं नसतं, मास्तरीणबाई."

मी मास्तरीण कधीच नव्हते. ते नाव मला मुलाखतीच्या दिवशी पडलं. गिरगावातून, कॉलेज नुकतं संपवून, मी आईची साडी नेसून गेले होते. सरांच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला, खिडकीकडे तोंड करून. खिडकीतून खाली गिरणीचं राखून ठेवलेलं धुराडं दिसायचं. "समोरासमोर बसलं की माणूस परीक्षा देतो," हे त्यांचं मत. "शेजारी बसलं की बोलतो." आम्ही बसच्या बाकावर बसल्यासारखे शेजारी शेजारी बसलो. त्यांनी माझा बायोडेटा शेवटच्या पानापासून वाचायला घेतला, आणि छंदांमध्ये 'वाचन' दिसल्यावर विचारलं, "कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत?"

मी गडबडले. मग खरं ते सांगितलं. एका फार मोठ्या लेखकाच्या फार नावाजलेल्या कादंबरीचं नाव घेतलं आणि ती का टाकली तेही सांगितलं. माझं बरंच बोलून झाल्यावर सर धुराड्याकडे बघत म्हणाले, "वर्गात बसल्यासारखं वाटलं." दोन दिवसांनी घरी फोन आला, मला निवडलं होतं. तो फोन सरांचा नव्हता, ह्याचा अर्थ मला नंतर कळला.

उमेदवारांना ते 'मंडळी' म्हणत. सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज किती मंडळी यायचीयत?" ऑफिसातली टवाळ पोरं ह्याला कांदेपोहे म्हणत. सरांच्या कानावर ते गेलं, तेव्हा म्हणाले, "कांदेपोह्यांत निदान पोहे मिळतात. आपण पाणीसुद्धा प्लॅस्टिकच्या बाटलीतून देतो." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला काचेच्या पेल्यातून पाणी मिळू लागलं. पेले सरांनी घरून आणले होते.

त्यांच्या हुद्द्याचं नाव सारखं बदलत राही. आधी पर्सोनेल, मग एचआर, मग टॅलेंटचं काहीतरी, शेवटी तर पीपल पार्टनर. दर वेळी नवी कार्डं छापून येत. जुन्या कार्डांच्या मागे काकू किराण्याच्या याद्या करायच्या. "सासर बदललं नाही तरी नाव दर वर्षी बदलतंय," सर म्हणायचे. तेव्हा आम्ही हसायचो. नावाबरोबर कामही हळूहळू काढून घेतलं जात होतं, हे आमच्या ध्यानात यायला उशीर झाला.

पण त्याआधी दादरच्या एका गृहस्थांबद्दल सांगायला हवं.

पन्नाशीचे होते. आधीची कंपनी बंद पडली म्हणून आमच्याकडे आले. माणूस चांगला, हिशोबाला पक्का, पण ज्या कामासाठी जागा होती ते त्यांनी कधी केलेलं नव्हतं. सरांच्या सवयीबद्दल त्यांनी कुठून तरी ऐकलं असावं. दुपारी सरांनी फोन लावला.

"जेवलात का?"

"नाही. आज एकादशी."

सरांनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

"जेवलात का?"

"आज गुरुवार, सर. मी गुरुवार धरतो."

तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून लंघन होतं. मला हसू येत होतं, सरांना नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "असं करा, आता पान वाढून घ्या. मी फोन धरून थांबतो." आणि थांबले. रिसीव्हर कानाला लावून, धुराड्याकडे बघत. मधूनच विचारत, "भाजी कसली? ... हं. कोशिंबीर नाही का?" मधेच कुणीतरी सही घ्यायला आलं, त्याला हातानेच परत पाठवलं. बऱ्याच वेळाने पलीकडून काहीतरी आलं असावं. सर ताठ बसले आणि त्यांनी त्यांची चार वाक्यं सांगितली. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं गं."

"मग एवढं कशाला?"

"कळणं वेगळं. कुणीतरी सांगणं वेगळं."

गावाकडचा मुलगा असला की सर मालवणीत शिरायचे. "जेवलंस काय रे? काय होता जेवाक?" पलीकडून 'बांगड्याचो तिखलो' ऐकू आलं की डोळे मिटायचे. "मगे ऐक आता," म्हणायचे, आणि पुढचं इतकं हळू बोलायचे की शेजारी बसून मला ऐकू यायचं नाही.

मग आमच्याकडे यंत्र आलं. यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसणारं काही नव्हे. एक प्रणाली आली, जी आलेले अर्ज स्वतःच वाचायची, स्वतःच चाळायची आणि नको असलेल्यांना स्वतःच मेल पाठवायची. त्याच सुमाराला दुसऱ्या शहरातून नवे प्रमुख आले. सरांच्या मुलाच्या वयाचे, हुशार आणि वागायला सभ्य. ते सरांना नावाने हाक मारत, कारण कंपनीचा नियम तसा होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना बोलावून घेतलं. मीही होते.

"तुम्ही नकाराचं कारण फोनवर सांगता?" नव्या प्रमुखांनी विचारलं. मराठी त्यांना यायची, जरा अडखळत.

"हो."

"त्याचं रेकॉर्ड नसतं. उद्या कुणी कोर्टात गेलं तर?"

"आजवर कुणी गेलेलं नाही. एक जण लग्नाची पत्रिका घेऊन आला होता."

नवे प्रमुख हसले. मनापासून हसले. मग म्हणाले, "सर," आणि आपला नियम मोडला गेल्याचं त्यांच्याही लक्षात आलं नाही, "एका जागेला हजारो अर्ज येतात आता. लोक बटण दाबतात आणि दहा कंपन्यांना अर्ज जातो. किती जणांना विचारणार जेवलात का?"

खोलीबाहेर आल्यावर सर म्हणाले, "पोरगा बरोबर बोलला." मला वाटलं होतं ते भांडतील. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी एवढंच मागून घेतलं की जे प्रत्यक्ष येऊन शेजारी बसून गेले, त्यांना फोन करायची मुभा असावी. ती मिळाली. पण मुलाखती पडद्यावर व्हायला लागल्या, शेजारी बसणारे कमी कमी होत गेले. काही दिवस दुपारी सर चष्मा कपाळावर चढवून फोनपाशी बसत आणि फोन करायला कुणीच नसे. मग ते खिडकीत उभे राहत. खोलीतलं टेबल एका सोमवारी कुणीतरी मधोमध सरकवलं आणि खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. सरांनी ते परत भिंतीला लावलं नाही.

पुढे भरतीच थांबली आणि कंपनीने माणसं कमी करायला घेतली. ते कामही आमच्याच विभागाकडे आलं. सरांनी प्रमुखांना सांगितलं, "ही मंडळी मी घेतलेली आहेत. ह्यांना मी सांगतो. जेवणानंतर, एकेकाला." त्यावर विचार करू, असं उत्तर आलं. ह्या उत्तराचा अर्थ काय हे सरांइतकं कुणाला ठाऊक असणार?

माणसं कमी करायचा दिवस आला. मी ऑफिसात पोचले, तर सर दिसत नव्हते. खिडकीतून सहज खाली पाहिलं, तर धुराड्याभोवतीच्या कठड्यावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मी धावत खाली गेले.

"कार्ड चालत नाही," ते म्हणाले. "गेटवरचा माणूस बिचारा माझीच माफी मागत होता."

सकाळी साडेनऊला त्यांना फोनवर व्हिडिओ-मीटिंगचा दुवा आला होता. तो उघडला तर पडद्यावर कुठल्या तरी शहरातली एक मुलगी. तिने त्यांची नोकरी संपल्याचं कागदावरून वाचून दाखवलं आणि काही शंका आहेत का विचारलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"तिला विचारलं, नाश्ता झाला का तुझा? तर कागदच चाळायला लागली." सर धुराड्याकडे बघत राहिले. "बरी मुलगी होती गं. वाचताना दोनदा अडखळली. मी असतो तर तिला घेतलं असतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. ते म्हणाले, "माझा चहासुद्धा झाला नव्हता, मास्तरीणबाई." मग पिशवीची गाठ सोडून म्हणाले, "चल, डबे काढू या." सकाळचे दहा वाजत होते. काचेच्या इमारतीत माणसं शिरत होती, आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. आम्ही तिथेच बसून सरांचा एक डबा दोघांत खाल्ला.

त्यानंतर आम्ही रविवारी दादरला भेटायचो. एका जुन्या उपाहारगृहात, पियूष घेऊन. सर आता स्वतः अर्ज करत होते. त्या वयात. पहिल्या पहिल्यांदा त्यांना त्याची गंमत वाटायची. "परवा अर्ज पाठवला. बटणावरून बोट उचललं नव्हतं तर उत्तर! 'आपल्या अर्जाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला.' मी म्हटलं, बाबा रे, श्वास तरी घ्यायचास." पुढे गंमत सांगणं बंद झालं. काही ठिकाणांहून तेवढंही उत्तर येत नसे. बोलता बोलता त्यांचा हात फोनकडे जाई, तो उलटा करून ठेवत, पुन्हा सुलटा करत. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला फोनकडे बघत बसू दिलं नाही, त्याला मी तसं बसलेलं पाहत होते.

एका रविवारी त्यांनी पियूष अर्धं टाकलं. "पोटात काहीतरी बसल्यासारखं वाटतं," म्हणाले. काकूंनी मागे लागून त्यांना परळलाच नेलं, आमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा हॉस्पिटलात. तपासण्या झाल्या. अहवाल शुक्रवारी मिळणार होता.

शुक्रवारी माझं कामात लक्ष नव्हतं. सकाळ गेली. फोन आला नाही, तेव्हा मला धीर आला. वाईट असतं तर एव्हाना कळवलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून काढली आणि तरी मी असं म्हटलं. दुपारी सगळे जेवून उठले. मी डबा उघडला नव्हता. खोलीत एकटीच होते. तेव्हा फोन वाजला.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं.

नेहमीचाच आवाज. मी खुर्चीत बसले. टेबलावर बंद डबा होता. मी म्हटलं, "आज माझा उपास आहे."

पलीकडे ते हसले, तेही नेहमीसारखेच. "तुझा? कसला?"

"संकष्टी."

"संकष्टी परवा झाली. काकूने मोदक केले होते." आणि मग हळू म्हणाले, "पान वाढून घे. मी फोन धरून थांबतो."

मी फोन कानाशी धरून एका हाताने डबा उघडला. खुर्ची ओढून खिडकीकडे वळवली.

"भाजी कसली?"

"दुधी."

"आणि?"

"पोळ्या. थोडा भात आहे. ताक आहे."

"हं. कोशिंबीर नाही?"

"नाही."

मी घास घेतला. तो चावला, पुन्हा चावला. खाली धुराड्यापाशी उन्हात कुणी नव्हतं. पलीकडून सरांचा श्वास ऐकू येत होता, त्यामागे हॉस्पिटलातली घोषणा, कुणाची तरी चप्पल. एवढं सावकाश मी कधी जेवले नव्हते.

"दुधीच आहे ना?" बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "त्यात चावायला एवढं काय आहे?"

"भात राहिलाय."

"खा, खा. मला घाई नाही."

भात झाला. ताक झालं. डब्याच्या कडेला चार शितं चिकटली होती, ती मी एकेक करून खाल्ली. मग झाकण लावलं. ते नीट लागलंय ना म्हणून पुन्हा काढून पाहिलं आणि पुन्हा लावलं. सर थांबले होते.

"जेवले, सर," मी म्हटलं.